टोमॅटो चेपतोय? मग सुरीचं जरा ऐका

दिवाळीच्या सेलमध्ये आमच्या सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एका सुरीचा फोटो फिरला. पात्यावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी आणि खाली लिहिलेलं, ‘डमास्कस, ६७ लेयर, व्हीजी-१०, एचआरसी ६०’. किंमत एका बऱ्या मिक्सरएवढी. चौघांनी विचारलं, घ्यावी का? पाचव्यानं मला टॅग केलं, कारण मी वाळूजला लेथवर काम करतो आणि लोखंडातलं मला सगळं कळतं असा सोसायटीचा समज आहे.

सगळं कळत नाही. पण तीस वर्षं टूलला धार लावून एक गोष्ट पक्की झालीय. त्या ग्रुपवरच्या बहुतेक घरांतली सुरी वाईट नाही, ती फक्त बोथट आहे. महागाची सुरी आणली तरी सहा महिन्यांनी तीही तशीच होणार आणि टोमॅटो पुन्हा चेपणार. पैसे टाकायचेच असतील तर आधी धार लावायच्या दगडावर टाका, मग भाजी चिरायच्या लाकडी पाटावर, आणि उरले तर सुरीवर. असं का, ते सांगतो.

धार म्हणजे नेमकं काय?

पावसाळ्यात काळ्या रानात गेलात तर पाय घोट्यापर्यंत रुततो. तिथंच फळी टाकून तिच्यावरून चाला, रुतत नाही. माणूस तोच, वजन तेच. फरक एवढाच की वजन किती जागेवर पडतंय. सुरीचंही हेच. पात्याच्या दोन उतरत्या बाजू जिथं मिळतात ती रेघ म्हणजे धार. चांगली लावलेली धार एका मायक्रॉनपेक्षाही, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागापेक्षाही बारीक असते. माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉन भरतो. एवढ्या बारीक रेघेवर बोटाचा हलका भार आला तरी टोमॅटोची साल फाटते. धार गोल झाली की तोच भार फळीसारखा पसरतो, साल आत दबते आणि बी-रस सगळा ताटात.

मग धार होईल तितकी बारीक करावी का? नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या बीडकडच्या माणसाचा कोयता बघा, धारेमागं चांगला जाड असतो. न्हाव्याच्या वस्तऱ्यानं ऊस तोडायला गेलात तर दोन कांड्यांत वस्तऱ्याचे दात पडतील. कोयत्यानं दाढी होत नाही हे सांगायला नको. पातळ धार छान कापते पण लवकर तुटते. जाड धार टिकते पण कापण्याऐवजी फोडते. स्वयंपाकघरातली सुरी या दोहोंच्या मधली. युरोपी पद्धतीच्या सुरीला प्रत्येक बाजूनं साधारण २० अंशांचा कोन असतो, जपानी पद्धतीच्या सुरीला १५ च्या आसपास.

भाजी मऊ, मग पोलाद झिजतं कसं?

हा प्रश्न मला हमखास विचारतात, आणि प्रश्न चांगला आहे. २०२० साली अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी दाढीचं पातं केस कापताना कसं खराब होतं ते सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. केस पोलादापेक्षा सुमारे पन्नास पट मऊ. तरीही धारेचे बारीक कपचे उडताना दिसले, कारण धारेवरचं पोलाद सगळीकडे सारखं नसतं. केस तिरका आला की कमकुवत ठिकाणी कपचा निघतो. म्हणजे मऊ वस्तूनंही धार जाते.

पण आपल्या घरात भाजीपेक्षा मोठा गुन्हेगार वेगळाच आहे. स्टीलचं ताट. आपण मांडीवर नाही तर ओट्यावर ताट घेतो आणि त्यातच कांदा चिरतो. प्रत्येक कापाला सुरी पोलादावर आपटते. काहीजण थेट ग्रॅनाइटच्या ओट्यावर कापतात. ग्रॅनाइटमध्ये गारगोटीचे कण असतात आणि गारगोटी सुरीच्या पोलादापेक्षाही कठीण. काचेचा चॉपिंग बोर्ड तर मला आजवर समजलेला नाही. दिसतो सुंदर, पण ज्यानं तो शोधला त्यानं कधी सुरीला धार लावली नसावी. लाकूड नाही तर साधं प्लॅस्टिक घ्या. पाटावर सुरीचे ओरखडे उठले तर खुशाल समजा की झीज सुरीची न होता पाटाची होतेय.

पोलादाचं पाणी

आता खोक्यावरच्या आकड्यांकडे यायला थोडं लोहाराकडे जाऊन यावं लागेल.

माजलगावजवळच्या आमच्या गावी उन्हाळ्यात घिसाडी यायचे. वेशीबाहेर पाल ठोकायचे, जमिनीत भट्टी, बाजूला भाता. नवरा सांडशीत लाल कोयता धरायचा आणि बायको दोन्ही हातांनी घण मारायची. पोटाशी बांधलेलं लेकरू त्या ठोक्यांत झोपलेलं असायचं. कोयता बहुतेक जुन्या ट्रकच्या कमानपाट्याचा. शेवटचं काम मात्र बाप्या एकटा करायचा आणि तेव्हा बोलायचा नाही. कोयता योग्य लाल झाला की फक्त धार पाण्यात, पाठ बाहेर. चर्र आवाज. मग बाहेर काढून, धार विटेनं घासून, तो तिच्याकडे टक लावून बघत बसायचा. पाठीतली धग हळूहळू धारेकडे सरकायची आणि उजळ लोखंडावर एक सोनेरी पिवळा रंग पुढं येताना दिसायचा. तो रंग धारेला टेकला की अख्खा कोयता पाण्यात. मी तेव्हा दहा वर्षांचा असेन. हेच पुढं आयटीआयमध्ये ‘हार्डनिंग’ आणि ‘टेम्परिंग’ या नावांनी शिकवलं, पण समजलं ते तिथं.

यात घडतं काय? लोखंडात थोडा कार्बन मिसळला की पोलाद. सळईत तो फार कमी असतो, सुरीच्या पोलादात साधारण अर्धा ते एक टक्का. असं पोलाद सुमारे ८०० अंश सेल्सिअसला तापवून झटकन थंड केलं की कार्बनला बाहेर पडायला वेळ मिळत नाही, तो आतच अडकतो आणि पोलाद काचेसारखं कठीण होतं. पण काचेसारखंच ठिसूळही. म्हणून पुन्हा हलकं तापवून थोडा कडकपणा उतरवायचा. आपले लोक याला पाणी देणं, पाणी पाजणं म्हणतात. पाणी चुकलं तर किमती पोलादही खुरप्याच्या लायकीचं राहत नाही.

पाणी किती चढलं हे मोजायचं माप म्हणजे रॉकवेल, खोक्यावर ‘एचआरसी’ लिहितात ते. हिऱ्याचं टोक ठराविक दाबानं पोलादावर रोवतात आणि ते किती खोल गेलं त्यावरून आकडा काढतात. आकडा मोठा तर पोलाद कठीण. स्वस्तातली सुरी ५२-५४, चांगली जर्मन पद्धतीची ५६-५८, जपानी साठ आणि त्याच्या वर.

स्टेनलेसमध्ये वेगळं काय, आणि डमास्कसमध्ये?

साधं कार्बन पोलाद लिंबू-कांद्यानं काळं पडतं आणि ओलं राहिलं की गंजतं. त्यात किमान साडेदहा टक्के क्रोमियम घातलं की पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा डोळ्यांना न दिसणारा थर बसतो आणि तो गंज अडवतो. इंग्लंडमधल्या शेफील्डच्या हॅरी ब्रेअर्ली यांनी १९१३ मध्ये असं पोलाद बनवलं आणि सुऱ्या-काट्यांचा धंदाच बदलला. नाव ‘स्टेनलेस’, म्हणजे डागरहित, असलं तरी डाग कधीच पडत नाही असं नव्हे. आमच्याकडच्या बोअरच्या खारट पाण्यात सुरी रात्रभर सिंकमध्ये ठेवा, सकाळी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके दिसतील.

डमास्कसचा किस्सा मोठा आहे. सीरियातल्या दमास्कस शहराच्या नावानं जगभर गाजलेल्या तलवारींचं पोलाद बरंचसं दक्षिण हिंदुस्थानातून जायचं, आणि त्यातलं एक नावाजलेलं ठिकाण म्हणजे निजामाबाद जिल्ह्यातलं कोनासमुद्रम. १९४८ पर्यंत मराठवाडा आणि ते गाव एकाच निजामी राज्यात होतं. तिथलं पोलाद न्यायला इराणी व्यापारी येत. मुशीत वितळवलेल्या त्या पोलादात कार्बन दीड टक्क्याच्या आसपास असे आणि नक्षी धातूच्या पोटातून उमटे. आजच्या सुरीवर दिसते ती नक्षी वेगळ्या जातीची. दोन प्रकारच्या पोलादांचे थर एकावर एक जोडून आम्लात बुडवतात, मग थर दिसू लागतात. ६७ लेयर म्हणजे मधला एक गाभा आणि दोन्ही बाजूंना तेहेतीस-तेहेतीस थर. कापतो तो एकटा गाभा, बाकीचे सहासष्ट वऱ्हाडी. आणि स्वस्तातल्या ‘डमास्कस’वर तर नक्षी नुसती लेझरनं छापलेली असते. धार लावताना बाजू घासली गेली आणि नक्षी पुसली, तर काय ते समजा.

खोक्यावरचे आकडे

व्हीजी-१० हे जपानमधल्या ताकेफू इथल्या कंपनीचं पोलाद, कार्बन सुमारे एक टक्का, क्रोमियम पंधरा. जर्मन सुरीवर ‘एक्स५० सीआरएमओव्ही१५’ असतं. त्यातले ५० म्हणजे अर्धा टक्का कार्बन आणि १५ म्हणजे पंधरा टक्के क्रोमियम. चिनी सुरीवर ‘५सीआर१५’ दिसलं तर तेही जवळपास हेच, फक्त लिहिण्याची तऱ्हा वेगळी. ‘हाय कार्बन’, ‘सर्जिकल स्टील’ असं नुसतं लिहून आकडा दिलेला नसेल तर तिकडे दुर्लक्ष करा.

मग घ्यावी कोणती?

माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. घरच्या कामाला जर्मन पद्धतीचं, अर्धा टक्का कार्बनचं, ५६ च्या आसपासचं पोलाद पुरतं. एक सहा-सात इंची सुरी आणि एक लहान, लसूण-मिरचीला. धारेमागं पातं पातळ असावं, मूठ ओल्या हातातही घट्ट बसावी. चौदा नगांच्या सेटमधले बारा नग स्टँडमध्येच म्हातारे होतात.

साठ एचआरसीच्या सुरीचा अनुभव मी घेतलाय. हौसेनं ऑनलाइन मागवली, पहिला महिना स्वर्ग. मग एका रविवारी त्या सुरीनं लाल भोपळा कापायला घेतला. पातं अर्ध्यात अडकलं, मी मूठ पिरगाळली. टक्. धारेतून तांदळाच्या दाण्याएवढा अर्धचंद्र उडाला होता. दुकानदारानं परत घेतली नाही, आणि चूक माझीच होती. कठीण पोलादाला पिळलेलं चालत नाही. भोपळा, गोठलेलं मटण, सुक्या खोबऱ्याची वाटी ही त्याची कामं नव्हेत. हाडाला खाटकाकडे सत्तूर असतो आणि लोणच्याच्या कैरीची कोय फोडायला मोठा अडकित्ता, ते उगाच नाही.

आठवडी बाजारात मिळणारी बारीक दात्यांची, प्लॅस्टिक मुठीची सुरी? टोमॅटोला उत्तम आणि बरीच टिकते, कारण दोन दातांमधली धार ताटाला टेकतच नाही. पण तिला घरी धार लागत नाही. गेली की दुसरी आणायची.

इळी तर आहेच. तिच्यात पातं जागेवर आणि भाजी हलते, दोन्ही हात मोकळे. धार ताटावर कधीच आपटत नाही, म्हणून इळी एकदा लावली की महिनोन्महिने चालते. गुडघे साथ देत असतील तोवर शेपू-मेथीला तिच्यासारखं काही नाही.

दगडावर

हार्डवेअरच्या दुकानात दोन रंगांचा करड्या-काळ्या दगडाचा ठोकळा मिळतो, एक बाजू रफ, एक फाईन. हा कार्बोरंडम. १८९३ साली अमेरिकेतल्या एडवर्ड ॲचेसन यांनी याचं पेटंट घेतलं, आणि हा कोणत्याही सुरीहून कितीतरी कठीण आहे. ऑनलाइन घेतलात तर दगडावर आकडा असतो. तो चाळणीसारखा वाचायचा. मोठा आकडा म्हणजे बारीक दाणा. कपचे निघालेल्या सुरीला ४००, रोजच्या धारेला १०००, गुळगुळीत करायचंच असेल तर ३०००. घरात १००० चा एकच दगड असला तरी चालतं. दगडावर पाणी घ्या. पाण्याच्या दगडाला तेल पाजलंत तर तो पुन्हा पाणी पीत नाही.

दगड ओल्या फडक्यावर ठेवा म्हणजे सरकणार नाही. कोन कसा धरायचा? कागदाचा काटकोनी कोपरा घ्या, एकदा दुमडा, ४५ अंश. पुन्हा दुमडा, साडेबावीस. तो त्रिकोण दगडावर उभा धरा आणि सुरी त्याच्यापेक्षा किंचित पाडून धरा. झाले वीसेक अंश. आता काळ्या मार्करनं धारेलगतची उतरती पट्टी रंगवा आणि दोन घासे मारून सुरी उजेडात धरा. शाई वरच गेली आणि धारेलगत काळी रेघ उरली, तर तुम्ही सुरी फार पाडलीय. फक्त धारेलगतची गेली, तर फार उभी केलीय. सगळी पट्टी साफ झाली की तो कोन हातात बसवून घ्या. शाईचा हा उद्योग दोन-तीनदा केला की पुन्हा लागत नाही.

दाब किती? पोळी लाटताना शेवटी शेवटी जेवढा देतो तेवढा. टाचेपासून टोकापर्यंत, एकाच बाजूनं, घाई न करता घासत राहा. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला धारेवर एक बारीक पापुद्रा उभा राहतो. आम्ही शॉपवर त्याला बर म्हणतो. डोळ्याला दिसत नाही, पण वातीचा कापूस पाठीकडून धारेकडे हलका ओढला की तंतू अडकतात. लांबीभर कापूस अडकला म्हणजे ती बाजू खरंच धारेपर्यंत पोचली. इथं लोक चुकतात. पापुद्रा यायच्या आधीच बाजू बदलतात आणि मग तासभर घासूनही सुरी तशीच. पापुद्रा आला की उलटी बाजू, तिथूनही आला की एकेक घासा आलटून-पालटून, दाब कमी करत. शेवटी पाटावर जुनं वर्तमानपत्र पसरा आणि सुरी पाठ पुढे ठेवून त्यावर दहा-वीस वेळा ओढा. पापुद्रा गळून पडतो.

पाहायचं असेल तर कागद हातात उभा धरून कापा. अंगठा धारेवरून लांबीच्या दिशेनं फिरवू नका, कितीही मोह झाला तरी.

‘उंबऱ्यावर घासली तर चालत नाही का?’

घर जुनं असेल आणि उंबरा काळ्या दगडाचा असेल तर थोडंफार चालतं. आपला बहुतेक मुलूख बेसाल्टचा, पाटा-वरवंट्याचा दगड तोच. तो पोलाद घासतो पण ओबडधोबड. शहाबादी फरशीवर मात्र श्रम वाया. कलबुर्गीकडून येणारी ती फरशी मुख्यतः चुनखडी, सुरीपेक्षा बरीच मऊ. घासून फरशीच झिजते. दगड नसला तर चिनी मातीचा कप उलटा करा. बुडाची खरबरीत, चकाकी नसलेली कड असते, ती जेवणाआधी पाच-सहा घाशांपुरती झकास.

‘दारावर धारवाला येतो की’

येतो, सायकल स्टँडवर लावून पायडल मारत साण फिरवतो, ठिणग्या उडतात आणि आपल्याला वाटतं काय धार लागतेय. ठिणगी म्हणजे जळणारं पोलाद. कोरड्या साणेवर पातळ धार क्षणात तापते, आणि ३०० अंशांच्या आसपास निळी पडली की लोहारानं दिलेलं पाणी उतरलं. सुरी त्या दिवशी कापेल, पण आठवड्यात पुन्हा बोथट, कारण धारेवरचं पोलादच मऊ झालं. धारवाला वाईट नसतो. पाण्याचा डबा शेजारी ठेवून सुरी सारखी बुडवणारा भेटला तर त्याला चहा पाजा. बुडवत नसेल तर सुरी देऊ नका. इळी, खुरपी शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, घ्यायला मात्र लोहारच बरा.

फटीतून सुरी ओढायचं ते छोटं यंत्र पापुद्रे फाडत धार देतं. अगदीच घाई असेल तर वापरा, रोज नको.

‘धारदार सुरीनं बोट कापेल ना!’

बोथट सुरी जोर मागते, कांद्यावरून घसरते आणि जोरासकट बोटावर येते. म्हणून धारदार बरी. पण खरं सांगायचं तर धार लावल्यावर पहिला आठवडा घरात एखादी पट्टी लागतेच, कारण हाताला दाबायची सवय असते. घरच्यांना सांगून ठेवा. भाजी धरणाऱ्या हाताची बोटं आत वाकवा, पातं पेरांना टेकून खालीवर होऊ द्या.

कांद्याचं रडणंही कमी होतं. कांदा कापला की आतला एक वायू सुटतो, तो डोळ्याला झोंबतो. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की बोथट पातं कांद्याची साल आधी दाबतं, आत दाब साठतो आणि मग रसाचे थेंब जास्त आणि जोरात उडतात. धारदार पात्यानं थेंब कमी, तेही हळू.

निगा

धुवायची, लगेच पुसायची, मोकळ्या खणात इतर चमच्यांत टाकायची नाही. कार्बन पोलादाची सुरी किंवा इळी ठेवून द्यायची असेल तर तेलाचं बोट फिरवा. पण घरात करडईचं तेल आहे म्हणून ते लावू नका, जवसाचंही नको. ही तेलं हवेत वाळून चिकट थर धरतात. रंगात घालतात ती याच गुणामुळं. खोबरेल लावा.

ग्रुपवर मी एवढं सगळं लिहिलं नाही. ‘आधी आहे ती सुरी घेऊन या’ एवढंच लिहिलं. रविवारी सात सुऱ्या आल्या, दुपार त्यात गेली. शेवटी दगड ओला होताच म्हणून आईची इळीही घेतली. ती झोपली होती. इळीचं पातं वाकडं, त्यामुळं इळी जागेवर ठेवून दगडच हातात धरून फिरवला.

संध्याकाळी भाजी निवडायला बसली आणि पहिल्याच जुडीला थांबली. “माझ्या इळीला कोन हात लावला रं?” मी गप्प. ती आणखी काही बोलली नाही, मेथी चिरून उठली. सकाळी पाहतो तर दगडाशेजारी फडक्यावर तिचा सुपारीचा अडकित्ता ठेवलेला.